महाडीबीटीचा फॉर्म परत आलाय, आत चुका आहेत, आता काय करायचं?

रानपाखरू

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि तेही अडचण घेऊन, समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला सेकंड इयरला आहे. आम्ही परभणी जिल्ह्यातले, एससी कॅटेगरी. बाबा २०१९ ला गेले, घर आईच्या मजुरीवर आणि माझ्या पगारावर चालतं. भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे म्हणून तो पुण्यात शिकतोय, नाहीतर आमची ऐपत नव्हती हे सरळ सांगते. पहिल्या वर्षी फॉर्म नीट गेला, पैसेही आले. यंदा त्याने गावाकडे सुट्टीत आला तेव्हा तालुक्याच्या नेट कॅफेत बसून महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, फॉर्म भरला, सबमिट झाल्याची पावती मला व्हॉट्सअपवर पाठवली आणि आम्ही निर्धास्त झालो.

काल सहज म्हणून मी त्याचं लॉगिन उघडलं तर फॉर्म 'सेंड बॅक' दिसतोय, आणि तारीख बघितली तर अकरा दिवसांपूर्वीची! अकरा दिवस कुणाला पत्ता नाही. रिमार्क मध्ये इंग्रजीत एवढंच की करंट कोर्सची माहिती आणि मार्कशीट बरोबर करून पाठवा. काय चुकलंय ते नाही, कसं करायचं ते नाही. मग मी सगळा फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला तर अजून एक सापडलं, तो कॉलेजच्याच होस्टेलला राहतो आणि फॉर्ममध्ये 'डे स्कॉलर', म्हणजे घरून येजा करणारा, टाकलंय. कॅफेवाल्याला फोन केला तर तो म्हणतो ताई हा फॉर्म सोडून द्या, नवीन आयडी काढून परत भरून देतो. मला ते काही पटेना म्हणून इथे विचारतेय. रात्रभर झोप नाही लागली. कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

मुपोबार्शी

ताई नवीन आयडी बिलकुल काढू नका. आमच्या शेजारच्या पोराने काढला होता, एका आधारवर दोन प्रोफाईल झाले आणि मग दोन्हीकडे अडकला, वर्षभर हेलपाटे.

जुनाकारकून

रानपाखरू ताई, आधी शांत व्हा. फॉर्म सेंड बॅक झालाय म्हणजे दार उघडं आहे. रिजेक्ट वेगळं आणि सेंड बॅक वेगळं, बहुतेक पालक दोन्ही एकच समजून घाबरतात. सेंड बॅक म्हणजे समोरच्या माणसाने तुमचा फॉर्म वाचला, त्याला चूक दिसली आणि दुरुस्त करा म्हणून परत दिला.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं, आता रिटायर आहे. ऑफलाईन फॉर्मचे गठ्ठे पण बघितलेत, जुनं ई-स्कॉलरशिप पण, आणि २०१७-१८ ला महाडीबीटी आलं तेव्हाचा गोंधळ पण. तर तुम्हाला टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो म्हणजे रिमार्कचा अर्थ लागेल.

फॉर्म सबमिट झाला की तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे येतो, त्याला आम्ही डेस्क वन म्हणायचो. त्याने अप्रूव्ह केला की प्राचार्यांच्या लॉगिनला, आणि तिथून एससीच्या मुलांचा असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. या तिन्ही ठिकाणांहून फॉर्म मागे येऊ शकतो. तुमचा कुठून आलाय ते स्टेटसमध्ये दिसेल, ते आधी बघा, कारण फोन त्याच माणसाला करायचा.

आता सेकंड इयरच्या मुलांची सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो, तुमच्या भावाचीही तीच असणार. करंट कोर्सच्या टॅबमध्ये गेल्या वर्षीची ओळ असते, पहिलं वर्ष, 'पर्स्युइंग' म्हणजे चालू. मुलं काय करतात की तीच ओळ उघडून तिच्यात पहिल्याचं दुसरं वर्ष करतात. तसं करायचं नाही. पहिल्या वर्षाची ओळ तशीच ठेवून तिला 'कम्प्लीटेड' करायचं, निकाल, टक्केवारी, मार्कशीट तिथे टाकायची, आणि मग खाली नवीन ओळ जोडून दुसरं वर्ष 'पर्स्युइंग' म्हणून भरायचं. दोन ओळी दिसल्या पाहिजेत. एकच ओळ दिसली की आमच्या बाजूला पहिल्या वर्षाचं काय झालं, पास की नापास की गॅप, काही कळत नाही आणि फॉर्म मागे जातो.

मार्कशीटचं पण सांगतो. पोर्टल फाईल घेतं १५ केबी ते २५६ केबी. आता मोबाईलचा फोटो असतो तीन-चार एमबीचा, मग कॅफेवाला तो दाबून दाबून २०० केबीवर आणतो आणि आमच्या स्क्रीनवर येतो तेव्हा मार्कांच्या जागी नुसते करडे ठिपके. एकदा एका मुलीची मार्कशीट आली होती, चार घड्या घातलेली, आणि घडी बरोबर सीट नंबरवरून गेलेली. तो एक आकडा वाचायला मी आणि माझा सहकारी स्क्रीनला नाक लावून बसलो होतो, ३ आहे की ८. शेवटी सेंड बॅकच करावा लागला, वाईट वाटलं पण इलाज नव्हता. तर कागद सपाट करा, स्कॅनरवर ठेवा, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये काढा, साईज आपोआप कमी येतो आणि अक्षर ठळक राहतं. दोन्ही सेमिस्टरच्या मार्कशीट एकाच पीडीएफमध्ये.

रानपाखरू

काका किती उपकार झाले म्हणून सांगू. आत्ता बघितलं, अगदी बरोब्बर तेच आहे, एकच ओळ आहे आणि तिच्यात सेकंड इयर केलंय!! आणि मार्कशीट फक्त पहिल्या सेमची लावलीय. परत आलाय तो कॉलेजच्या क्लार्ककडून.

पण आता बदल करायला गेले तर ओटीपी मागतंय आणि तो भावाच्या मोबाईलवर येतच नाहीये. शेवटचे चार आकडे दिसतात ते आमच्या घरातल्या कुणाच्याच नंबरचे नाहीत.

मुपोबार्शी

कॅफेवाल्याचा असणार नंबर. म्हणूनच तर सेंड बॅकचा मेसेज पण तुम्हाला आला नाही. अकरा दिवसांपूर्वी तो मेसेज त्याच्या मोबाईलवर जाऊन पडला असेल आणि त्याला दिवसाला असे पन्नास येतात.

लातूरसेवाकेंद्र

मी स्वतः सेवा केंद्र चालवतो म्हणून दुसरी बाजू पण मांडतो, राग मानू नका. मुलं येतात तेव्हा निम्म्यांच्या सिमला रिचार्ज नसतो, काहींचा नंबर वडिलांच्या मोबाईलमध्ये आणि वडील रानात, बाहेर रांग लागलेली, ओटीपीची वेळ संपते. मग केंद्रवाला आपला नंबर टाकून मोकळा होतो. मी पण सुरुवातीला दोन वर्षं हेच केलं, आणि त्यात किती पोरांचं नुकसान होतं ते मला एका मुलाची आई येऊन रडली तेव्हा कळलं. तिच्या मुलाचा फॉर्म परत आल्याचा मेसेज माझ्या मोबाईलवर न वाचता पडून होता. तेव्हापासून बंद. आता ज्याचा नंबर चालू नाही त्याला सांगतो उद्या ये पण स्वतःच्या नंबरसकट ये. आणि युजर आयडी पासवर्ड त्याच्याच वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच हाताने लिहायला लावतो.

ताई तुम्ही असं करा, कॅफेवाल्याला फोनवर धरून ठेवा, ओटीपी पाठवा, तो सांगेल तो टाका आणि आत गेल्यावर सगळ्यात पहिलं काम प्रोफाईलमधला मोबाईल नंबर आणि ईमेल दोन्ही भावाचे करून घ्या. भांडू नका आत्ता. काम झाल्यावर सांगा काय सांगायचं ते. पासवर्ड पण बदला.

चष्मेवाला

हे डे स्कॉलरचं कुणी बोललंच नाही. मी एससीच आहे, मेकॅनिकल, नागपूर. केंद्राने २०२१ ला पोस्ट मॅट्रिकचे नियम बदलले त्यात भत्त्याचे चार गट केलेत. पहिल्या गटात इंजिनिअरिंग मेडिकल वगैरे व्यावसायिक पदव्या, त्यात होस्टेलला राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून येजा करणाऱ्याला ७,०००. म्हणजे एका टिकमार्कचे वर्षाला साडेसहा हजार. बीए बीएस्सी बीकॉम तिसऱ्या गटात येतं, तिथे ६,००० आणि ३,०००. आणि ही चूक क्लार्क काही रिमार्कमध्ये लिहीत नाही, कारण त्याच्या लेखी ती चूकच नाही, तुम्ही डे स्कॉलर सांगितलंत, त्याने डे स्कॉलर मानलं. अप्रूव्ह झाल्यावर लक्षात आलं तर हात चोळत बसायचं. माझं पहिल्या वर्षी तसंच झालं. साडेसहा हजारात माझी एका सेमची पुस्तकं आणि ड्रॉइंगचं सामान निघालं असतं, तेव्हा मित्राकडून उसने घेतले होते.

होस्टेलच्या टॅबमध्ये जाऊन बदला, आणि रेक्टरच्या सहीशिक्क्याचं सर्टिफिकेट लागेल, ते आधीच काढून ठेवायला सांगा भावाला. रेक्टर शनिवार रविवार सापडत नाहीत.

जुनाकारकून

चष्मेवाला यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, मी लिहिणारच होतो. ताई, लक्षात घ्या, रिमार्कमध्ये लिहिलेली तेवढीच चूक दुरुस्त करून घाईने परत पाठवू नका. फॉर्म तुमच्या हातात आलाय तोवरच तो उघडा आहे. एकदा परत कॉलेजकडे गेला की प्रोफाईलमध्ये बदल करायला गेलात तरी पोर्टल करू देत नाही. म्हणून पहिल्या टॅबपासून शेवटच्या टॅबपर्यंत प्रत्येक रकाना कागद समोर ठेवून तपासा. आधारवरचं नाव, दहावीच्या मार्कशीटवरचं नाव, जातीच्या दाखल्यावरचं नाव, स्पेलिंग सकट. वडील नाहीत तर वडील हयात नाहीत असंच टाकलंय ना बघा, खूप मुलं तिथे हो करून ठेवतात कारण पुढचे रकाने भरायला सोपे जातात, आणि मग दाखला आईच्या नावाचा आणि फॉर्ममध्ये वडील हयात, हे जुळत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पण बघा. तहसीलचा दाखला ३१ मार्चपर्यंतचा असतो. काही एक वर्षाचे असतात, काही तीन वर्षांचे. गेल्या वर्षीचा एक वर्षाचा दाखला यंदा लावलेला असेल तर तो मेलेला कागद आहे. बारकोड नंबर टाकून माहिती आपोआप येते ती रीत वापरा, हाताने आकडा टाकू नका. एका शून्याने काय होतं ते मी बघितलंय, वडील शेतमजूर आणि फॉर्ममध्ये उत्पन्न ९ लाख.

देवगडकर

माझा विषय थोडा वेगळा पण याच धाग्यात विचारतो. आम्ही ओपनमधले, उत्पन्न ५ लाखाच्या आसपास, मुलगा इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षाला. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती म्हणजे आपण ज्याला ईबीसी म्हणतो त्यासाठी फॉर्म भरायला बसलो तर ती स्कीमच यादीत दिसत नाही. मर्यादा ८ लाख आहे ना? मग आम्हाला का दिसत नाही. कॉलेजात विचारलं तर म्हणाले तुम्ही पात्र नसाल.

चष्मेवाला

मुलाची ॲडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून आहे ना? मग करंट कोर्समध्ये ॲडमिशन टाईप काय टाकलंय ते बघा.

देवगडकर

बघितलं. 'इन्स्टिट्यूट लेव्हल' टाकलंय!! त्याला वाटलं कॉलेजात जाऊन फी भरली म्हणजे इन्स्टिट्यूट लेव्हल. ॲडमिशन कॅपच्या दुसऱ्या राऊंडची आहे, अलॉटमेंट लेटर आहे माझ्याकडे.

चष्मेवाला

झालं मग. ते कॅप करा, कॅप आयडी अलॉटमेंट लेटरवर असतो तो जसाच्या तसा टाका, लेटर अपलोड करा, स्कीम दिसायला लागेल. पोर्टल तुमच्या प्रोफाईलवरूनच ठरवतं कुठल्या स्कीम दाखवायच्या, त्यामुळे स्कीम दिसत नाही म्हणजे पात्र नाही असं नसतं, बहुतेक वेळा एखादा रकाना चुकलेला असतो. उत्पन्न, कॅटेगरी, ॲडमिशन टाईप, गॅप, या चार गोष्टी आधी बघायच्या.

देवगडकर

दिसली!!! खूप खूप आभार. कॉलेजवाल्यांचं ऐकून सोडून दिलं असतं तर अर्धी ट्युशन फी गेली असती खिशातून.

सांजवारा

हो आणि ज्यांची मुलगी असेल त्यांनी लक्षात ठेवा, २०२४-२५ पासून मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय, अर्धं नाही, ८ लाखाच्या आतलं उत्पन्न असेल तर. पण फॉर्म भरावाच लागतो. माझ्या बहिणीच्या मैत्रिणीला वाटलं मुलींना माफच आहे तर फॉर्म कशाला, आणि मग कॉलेजने पूर्ण फी मागितली.

माझा अनुभव वेगळ्याच ठिकाणचा आहे. फॉर्म नीट होता, अप्रूव्ह झाला, पैसे जमा झाले असं पोर्टलवर दिसतंय आणि माझ्या पासबुकात काही नाही. दोन महिने बँकेत खेटे घातले. शेवटी एका भल्या क्लार्कने आधार सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघितलं तर ते भलत्याच खात्याला. मी सिम घेतलं तेव्हा दुकानदाराने अंगठा घेऊन एका पेमेंट बँकेचं खातं उघडून ठेवलं होतं, मला माहीतही नाही, आणि आधार त्या खात्याला जोडलं गेलं. शिष्यवृत्तीचे पैसे आधारवर येतात, तुम्ही पासबुक कुठलं दाखवलंत त्यावर नाही. जे खातं सगळ्यात शेवटी आधारला सीड झालं त्यात पैसे जातात. माझे तिथे सुरक्षित होते म्हणा, निघाले, पण दोन महिने आई रोज विचारायची आले का.

आधारच्या साईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' आहे, तिथे बँकेचं नाव दिसतं. फॉर्म भरायच्या आधी एक मिनिट लागतो बघायला.

लातूरसेवाकेंद्र

यात एक भर घालतो. ज्यांचं खातं शाळेत असताना उघडलेलं झिरो बॅलन्सचं छोटं खातं आहे, केवायसी पूर्ण नाही, त्यात वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही. इंजिनिअरिंग मेडिकलची मोठी रक्कम आली की ती परत जाते. बँकेत जाऊन फुल केवायसी करून घ्या, पॅन आधार घेऊन जा.

नवखा२१

सगळे जाणकार आहेत म्हणून विचारतो. वडिलांचं उत्पन्न २,७०,००० येतंय आणि एससीच्या पोस्ट मॅट्रिकला मर्यादा २,५०,००० आहे. एकजण म्हणतो १५०० रुपयात २,४०,००० चा दाखला काढून देतो. करावं का? बाकी सगळं खरं आहे.

जुनाकारकून

नाही. अजिबात करू नका, आणि त्या माणसाच्या दारातही उभं राहू नका. दाखला बारकोडने तपासला जातो, खोटा निघाला तर शिष्यवृत्ती जाते, घेतलेले पैसे वसूल होतात, आणि मुलाच्या नावावर गुन्हा लागू शकतो, ज्या मुलाला आपण उभं करायला निघालो त्याच्याच.

आणि गरजही नाही हो. अडीच लाखाच्या वर उत्पन्न असलेल्या एससी मुलांसाठी त्याच पोर्टलवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, तिला आपण फ्रीशिप म्हणतो. निर्वाह भत्ता मिळणार नाही पण फी सुटेल. खरा २,७०,००० चा दाखला लावा, ती स्कीम दिसेल, तिलाच अर्ज करा.

नवखा२१

हे कुणीच सांगितलं नव्हतं मला. वडिलांनी आज सकाळीच १५०० बाजूला काढून ठेवले होते. थांबवतो त्यांना.

अटलांटाकर

महाडीबीटीचं मला काही माहीत नाही पण धागा वाचून आमच्या घरातलं आठवलं म्हणून लिहिते. मुलगी इथे अमेरिकेत जन्मलेली, कॉलेजला जाताना फाफ्सा भरला, तो इथला केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज. नवऱ्याने पालकांच्या गुंतवणुकीच्या रकान्यात आमच्या रिटायरमेंट खात्याची सगळी रक्कम टाकली, आयुष्यभराची, प्रामाणिक माणूस, त्याला वाटलं सगळंच सांगायचं असतं. पण ते तिथे धरायचंच नसतं, राहतं घर पण धरायचं नसतं. त्यामुळे आमच्याकडून किती अपेक्षित आहे तो आकडा, पूर्वी त्याला ईएफसी म्हणायचे, २०२४-२५ पासून एसएआय, तो भलताच फुगला आणि कॉलेजने मदत जवळजवळ नाहीच दिली.

मुलीच्याच लक्षात आलं. अर्ज प्रोसेस होईपर्यंत थांबावं लागलं, मग तिच्या लॉगिनमधून करेक्शन सुरू केलं, नवऱ्याला त्याच्या लॉगिनने येऊन त्याचा भाग बदलून परत सही करावी लागली. एकाने सही केली आणि दुसऱ्याची राहिली तर करेक्शन अर्धवट पडून राहतं, आमचं आठवडाभर तसंच पडलं होतं. नंतर कॉलेजच्या एड ऑफिसला ईमेल करून सांगितलं की आकडा बदललाय, परत बघा. त्यांनी बघितलं.

इथे नवीन आलेल्या मराठी घरांतून नेहमी विचारणा होते म्हणून जोडते, मुलं एच-फोरवर, म्हणजे पालकांच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असतील तर ही केंद्राची मदत मिळत नाही, पण मूल नागरिक किंवा ग्रीनकार्डवालं असेल आणि आईवडील एच-वनवर असतील तर मुलाला मिळू शकते, पालकांच्या व्हिसामुळे घाबरून अर्जच न करणं ही सगळ्यात मोठी चूक.

रानपाखरू, तुझ्या भावासाठी मनापासून शुभेच्छा. तू झोप न लागता त्याचा फॉर्म वाचत बसलीस ना, आमच्या घरी पण तसंच झालं होतं.

रानपाखरू

अटलांटाकर ताई, खरंच बरं वाटलं वाचून.

आता अपडेट देते. परवा रात्री कॅफेवाल्याला फोनवर धरला, लातूरच्या दादांनी सांगितलं तसं. बिचाऱ्याने रात्री साडेनऊला ओटीपी सांगितला, दोनदा सांगावा लागला कारण पहिल्या वेळी माझाच नेट गेला. नंबर, ईमेल, पासवर्ड सगळं भावाचं करून घेतलं. पहिल्या वर्षाची ओळ कम्प्लीटेड केली, दुसऱ्याची नवीन ओळ घातली. भावाने सकाळी मार्कशीट झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून पाठवल्या, दोन्ही सेमच्या, पीडीएफ १८८ केबीची झाली आणि एकेक आकडा स्वच्छ दिसतोय. रेक्टरचं सर्टिफिकेट मिळायला एक दिवस गेला.

आणि काका, तुम्ही म्हणालात म्हणून सगळे टॅब तपासले तर खरंच वडील हयात 'होय' होतं. बाबांचं नाव, व्यवसाय शेती, सगळं भरलेलं. भावाला विचारलं तर म्हणाला ताई नाही टाकायला हात झाला नाही माझा. काय बोलणार त्याला. मीच बदललं ते, आणि मग बराच वेळ लॅपटॉप तसाच उघडा ठेवून बसले होते.

काल संध्याकाळी परत सबमिट केला. आज भाऊ स्वतः ऑफिसात जाऊन क्लार्क मॅडमना अर्जाचा नंबर लिहून देऊन आला की दुरुस्त करून पाठवलाय बघा म्हणून. त्यांनी लगेच उघडून बघितला म्हणे.

जुनाकारकून

ऑफिसात जाऊन सांगून आला हे फार चांगलं केलं. परत आलेले फॉर्म नव्या फॉर्मच्या ढिगात मिसळतात, शेवटच्या तारखेला शेकडो असतात, नंबर लिहून दिलेली चिठ्ठी टेबलावर असली की आधी उघडला जातो. आता दर चार दिवसांनी लॉगिन करून बघत राहा, समाजकल्याणकडून पण परत येऊ शकतो. मुदतवाढ मिळते दरवर्षी असं पोरं म्हणतात, तिच्या भरवशावर राहू नका.

आणि पैसे येतील तेव्हाचं आत्ताच भावाला सांगून ठेवा. केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजच्या फीचा वाटा पण असतो, तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. मुलांना वाटतं सगळे आपलेच, खर्च होतात, आणि मग कॉलेज निकाल अडवतं.

रानपाखरू

काका, आत्ताच भावाचा मेसेज आला, कॉलेजकडून अप्रूव्ह झाला, प्राचार्यांच्या लॉगिनला गेलाय. पैशांचं त्याला सांगितलं. आईला फोन लावते आता, ती चार दिवस झाले जेवताना विचारतेय.

चष्मेवाला

वा, मस्त!!

चिंचेचंझाड

अभिनंदन ताई. मी पण याच धाग्यात घुसतो, माफ करा. माझ्या कॉलेजच्या संस्थेची त्याच नावाची दोन कॉलेजं आहेत, एक डिप्लोमाचं एक डिग्रीचं. मी चुकून दुसरं निवडलं आणि फॉर्म सबमिट केला, आता तो त्यांच्याकडे अंडर स्क्रूटिनी दाखवतोय. माझ्या कॉलेजला तो दिसतच नाही म्हणतात. काय करू?

जुनाकारकून

त्यांनी अजून अप्रूव्ह केला नसेल तर 'माय अप्लाईड स्कीम' मध्ये जाऊन अर्ज रद्द करायचा पर्याय दिसतो का बघा, दिसला तर रद्द करून प्रोफाईलमध्ये कॉलेज बदला आणि परत अर्ज करा. नाही दिसला तर त्या दुसऱ्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या क्लार्कला उद्या सकाळी अकराच्या आत गाठा, फोनवर नको, अर्जाचा नंबर आणि तुमचं बोनाफाईड घेऊन, आणि सेंड बॅक करायला सांगा. त्यांचा विद्यार्थीच नाही म्हटल्यावर ते ठेवून तरी काय करणार. झालं की इथे कळवा.